गाव नमुना आणि ‘पॅटर्न’

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघावे, भूगाव मागे टाकावे, आणि भुकूमच्या आसपास वाहनांची दाटी थोडी विरळ होते न होते तोच पुढे चाललेल्या एखाद्या मोटारीच्या मागील काचेवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले दोन शब्द दृष्टीस पडतात : ‘मुळशी पॅटर्न’. त्यांतला पहिला शब्द आमच्या तालुक्याचे नाव आहे. दुसरा इंग्रजी आहे, आणि तो काचेवर रंगवून घेणाऱ्या तरुणाच्या मनात त्याचा जो अर्थ आहे तो कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. त्याला त्या शब्दातून दरारा सुचवायचा असतो. आमच्या वाटेला जाऊ नका, आम्ही निराळ्या जातकुळीची माणसे आहोत, असे त्याला न बोलता सांगायचे असते. एका परक्या शब्दाने एका तालुक्याच्या तरुण पिढीला स्वतःविषयी एवढे मोठे विधान करण्याची सोय करून द्यावी, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते; कारण शब्द केवळ अर्थ वाहत नाहीत, ते वापरणाऱ्याला हळूहळू आपल्या घाटाचा करून घेतात.

‘पॅटर्न’ हा शब्द मराठीत उपरा राहिलेला नाही. शिंप्याच्या दुकानात बाह्यांचा पॅटर्न ठरतो, परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिकेचा पॅटर्न बदलल्याच्या बातमीने घरोघरी काळजी पसरते, आणि एखाद्या मनस्वी माणसाविषयी ‘त्याचा पॅटर्नच वेगळा’ असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु या शब्दाला खरी प्रतिष्ठा लाभली ती त्याच्यामागे गावाचे नाव लागू लागल्यापासून. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांची मुले वर्षानुवर्षे झळकू लागली तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. धुळे जिल्ह्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल आणि रुंद करून, त्यांवर बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचे काम केले, त्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ झाला. प्रकाश आंबेडकरांनी अकोल्यात बहुजन समाजघटकांची जी राजकीय मोट बांधली तिला ‘अकोला पॅटर्न’ म्हणतात. या सर्व ठिकाणी शब्दाचा अर्थ एकच होता : कोणीतरी, कुठेतरी, काहीतरी करून दाखवले, ते इतरांनी पाहावे आणि जमल्यास तसे करावे.

मराठीजवळ यासाठी शब्द नव्हता असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. नमुना आहे, मासला आहे, वानगी आहे, साचा आहे, धाटणी आहे. शाळेतल्या पंतोजींनी घालून दिलेल्या अक्षरांवरून बोरू फिरवणाऱ्या मुलांचा ‘कित्ता’ तर इतका नेमका आहे की, ‘कित्ता गिरवणे’ या वाक्प्रचाराची सर ‘पॅटर्न फॉलो करणे’ या भेसळीला कधीच येणार नाही. सरकारी भाषेने ‘आकृतिबंध’ हा संस्कृत शब्द घडवला, आणि तो अद्याप कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांच्या तक्त्याला आणि शिक्षणाच्या टप्प्यांना लावला जातो. असे असूनही ‘पॅटर्न’ जिंकला, याचे कारण माझ्या मते असे की, आपल्या प्रत्येक शब्दाच्या मागे करणारा उभा असतो. कित्ता म्हटला की तो घालून देणारा पंतोजी आठवतो. वानगी म्हटली की ती दाखवणारा व्यापारी आणि चाखणारे गिऱ्हाईक समोर येते. ‘पॅटर्न’ला हे बंधन नाही. तो कोणी घडवला असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उमटतच नाही. पाऊस पडावा, ऋतू पालटावा, तसा तो आपोआप चालत आलेला वाटतो.

आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की, इंग्रजीत या शब्दाचे कुळ नेमके याच्या उलट आहे. ‘पॅटर्न’ आणि ‘पॅट्रन’ हे मुळात दोन शब्द नव्हतेच. पॅट्रन म्हणजे आश्रयदाता, पाठीराखा, धनी. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आश्रितांनी ज्याच्याकडे पाहून वागायचे, ज्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवायचे, तो पॅट्रन, म्हणून अनुकरणीय उदाहरणालाही तोच शब्द लागू झाला. आणि पुढे दोन-तीनशे वर्षांत उच्चार व लेखन बदलत जाऊन अनुकरणाच्या अर्थाचे ‘पॅटर्न’ हे रूप निराळे पडले. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पातेर’ आहे, आणि तो ‘पातेर’ आपल्या संस्कृत ‘पितृ’ शब्दाचा सख्खा नातलग आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण आज निनावी, बिनमालकाचा समजून वापरतो, त्याच्या गाभ्यात बाप बसलेला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेला इंग्रजीत जो शब्द आहे तोही याच बापापासून जन्मला. मुळशीच्या संदर्भात हे कुळ लक्षात ठेवावे, कारण येथली सारी कथा बापाची आणि बापाने राखलेल्या जमिनीची आहे.

पिंपरी-चिंचवडच्या किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या कारागिराला मात्र हा शब्द अजून जुन्या, भरीव अर्थाने ठाऊक आहे. त्याच्या दृष्टीने पॅटर्न ही हातात धरण्याची वस्तू आहे. कुशल कारागीर ती लाकडातून घडवतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून हव्या त्या मापापेक्षा ती किंचित मोठी ठेवतो. मग ती वाळूत दाबून बसवतात, वाळू ठोकून घट्ट करतात, आणि पॅटर्न अलगद उचलून घेतात. मागे राहते ती त्याच्या आकाराची पोकळी, आणि तिच्यात तप्त रस ओतला जातो. तयार झालेल्या वस्तूत पॅटर्नचा कणही नसतो, तरी तिचा आकार त्यानेच ठरवलेला असतो. मुळशीत काय घडले हे समजून घ्यायला मला फाउंड्रीतल्या या अर्थाइतका दुसरा कोणताही अर्थ उपयोगी पडलेला नाही.

शंभर वर्षांपूर्वी हा प्रदेश हवेली तालुक्यातला एक पेटा होता, आणि मुळा व नीला या नद्यांच्या खोऱ्यातली मावळी कुळे भाताच्या खाचरांवर गुजराण करीत होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात सोडले तर त्यातून वीज निर्माण होते, हे टाटांच्या खोपोलीच्या केंद्राने १९१५ सालीच दाखवून दिले होते. त्याच योजनेचे पुढचे पाऊल म्हणून मुळशीला धरण बांधण्याचे ठरले, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने कंपनीसाठी जमीन घेण्यास आरंभ केला. सुमारे पन्नास गावांवर ही टाच आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि ‘जान किंवा जमीन’ या घोषाने मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी होते. बायका-पुरुष तुरुंगात गेले; काही काळ काम थांबले आणि पुन्हा सुरू झाले. कागदोपत्री पुष्कळ जमिनींचे मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांनी मोबदल्याचा दर वाढताच लढ्यातून अंग काढून घेतले, आणि कसणारा मावळा एकटा उरला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी काही साथीदारांसह रेल्वेगाडी अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. पूर्वेकडे भीमेला आणि कृष्णेला जाऊन मिळणारे पाणी तेव्हापासून पश्चिमेला कुंडलिका नदीत उतरून अरबी समुद्राला जाते.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. असे असताना ‘मुळशी पॅटर्न’ या नावाने हा लढा का ओळखला जाऊ नये, असे मला अनेकदा वाटते. कित्ता म्हणून गिरवण्यासारखे या तालुक्याने जर काही केले असेल तर ते हेच. पण तो काळ ओसरला, आणि मागे राहिली ती पोकळी. जमीन ही सरकारने ठरवावी, कंपनीने घ्यावी आणि मोबदल्याची रक्कम मोजून विषय संपवावा अशी वस्तू आहे, हा आकार वाळूत एकदा घट्ट बसला तो बसलाच. पुढे त्यात वेगवेगळे रस ओतले गेले.

पौडच्या कचेरीत एकदा रांगेत उभा असताना माझ्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणे निघाले. त्यांनी हिशोब सांगितला : आज्याची जमीन धरणात गेली, बापाची कंपनीत गेली, आपली प्लॉटिंगमध्ये गेली. मी विचारले, “बाबा, शेवटची तर तुम्ही स्वतः विकलीत ना?” ते म्हणाले, “इकायला कोण जातंय बाळा? गेली.” त्यांनी माझ्यापासून काही लपवले नाही. खरेदीखतावर त्यांचाच अंगठा होता हे तेही जाणत होते. परंतु इसार घेतल्यापासून खरेदीखतापर्यंत जे काही घडले त्यात आपण काही केले असे त्यांना कधी जाणवलेच नव्हते. आमच्या बोलीत ‘जमीन गेली’ हे वाक्य सरकारने घेतलेल्या, कंपनीने घेतलेल्या आणि स्वतः विकलेल्या जमिनीला सारखेच लागू पडते. कर्ता नसलेले हे क्रियापद आणि कर्ता नसलेला तो इंग्रजी शब्द एकमेकांना सापडले, आणि त्यांचा जोड घट्ट बसला.

हिंजवडीला औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारला, तोही याच तालुक्यात. पिरंगुटला कारखाने आले. दासव्याच्या परिसरात डोंगरउतारावर लवासाचे शहर उभे राहू लागले आणि २०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने ते देशभर गाजले. खाचरांच्या बांधांवर ‘लेक व्ह्यू’च्या पाट्या लागल्या. ज्या जमिनीचे माप पूर्वी तीत पिकणाऱ्या आंबेमोहोराच्या खंडीवर सांगत, तिचे माप गुंठ्यावर आले. एकराचा चाळिसावा भाग म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला होता. पण व्यवहार मुखत्यारपत्रांवर आणि साठेखतांवर होतच राहिले, आणि २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करणे शासनाला भाग पडले. ज्यांचा एका हंगामात हाती आलेला पैसा मोटारीत, मिरवणुकीत आणि लग्नात गेला त्यांना लोकांनी ‘गुंठामंत्री’ म्हटले. हा शब्द मला कधीच आवडला नाही. ज्याने तीन पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने जमीन जाताना पाहिली, त्याला चौथ्या वेळी तिचे पैसे मिळाले आणि ते राखण्याची विद्या मात्र कोणी शिकवली नाही. त्याच्याकडे पाहून हसण्याचा अधिकार, त्याच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सदनिकेत राहणाऱ्याला तर नक्कीच नाही.

२३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक याच मातीतले. त्यांनी या दोन शब्दांत जे भरले होते ते स्पष्ट होते : जमीन विकायची, पैसा उडवायचा, मग ज्या जमिनीचे आपण धनी होतो तिच्यावरच राखणदार म्हणून उभे राहायचे, आणि मुलाने तो अपमान पाहून गुन्हेगारीची वाट धरायची, ही जी सांगड आमच्या भागात अनेक घरांत पडली, तिला त्यांनी नाव दिले. मोहन जोशी यांनी रंगवलेला तो बाप आणि ओम भूतकर यांनी रंगवलेला तो मुलगा, यांच्यामधले मूक अंतर हे त्या चित्रपटाचे काळीज आहे. पुढे त्यावर ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपटही निघाला. ज्या शब्दाच्या कुळात बाप आहे तो शब्द बापाच्या आणि मुलाच्या या कथेला शीर्षक म्हणून लाभला. दिग्दर्शकाने कोश पाहून तो निवडला नसेल, पण त्याहून समर्पक शब्द त्याला सापडला नसता.

मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडताना लोकांनी बाप आत ठेवला आणि शीर्षक तेवढे बरोबर नेले. काही महिन्यांतच ते मोटारींच्या काचांवर आणि वाढदिवसाच्या फलकांवर चढले. त्याहून मला सलते ते वर्तमानपत्रांचे वागणे. पुण्याच्या कोणत्याही पेठेत, कोणत्याही उपनगरात कोयते निघाले, टोळीयुद्धात कोणी मारला गेला, की मथळ्यात ‘मुळशी पॅटर्न’ येतो, मग त्या घटनेतल्या एकाचाही मुळशीशी काडीचा संबंध नसो. लातूरचे नाव घेतल्यावर शिकवणारे शिक्षक डोळ्यांपुढे येतात, शिरपूरचे नाव घेतल्यावर बंधारा बांधणारे हात आठवतात; एकट्या मुळशीला असा पॅटर्न चिकटला की ज्याला कर्ता नाही आणि गुन्हा मात्र आहे. तालुक्याच्या शाळेत शिकलेली मुलगी जेव्हा पुण्याच्या महाविद्यालयात आपले गाव सांगते आणि समोरचा हसून ते दोन शब्द उच्चारतो, तेव्हा तिच्या पणजीने सत्याग्रहात तुरुंग भोगला असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

कोणी म्हणेल, शब्दावर एवढा राग कशाला? भाषा शब्द घेते, वळवते, टाकून देते. ‘पॅटर्न’ही एक दिवस झिजून जाईल. मला या शब्दाचा राग नाही, आणि इंग्रजीचाही नाही. ‘नमुना’ही कधी काळी फारसीतून परकाच आला होता, आणि ‘काय नमुना आहे!’ असे म्हणून आपण त्याचीही थट्टा करून पाहिली. पण त्याचा दुसरा, गंभीर अर्थ महसुलाच्या दप्तराने जपून ठेवला. गावाचा सारा जमीनव्यवहार एक ते एकवीस या गाव नमुन्यांत नोंदला जातो. नमुना सात म्हणजे मालकी व हक्क, नमुना बारा म्हणजे पिके. दोहोंचा मिळून सात-बारा. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींचा ताळा. आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही : कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेस जमिनीचा हक्क पालटला, हे तिच्यात लिहिलेले असते. वारसाने की विक्रीने, संपादनाने की वाटणीने, याची क्रमांकासह नोंद असते. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला, म्हणजे धरणाच्या वेळचे फेरफारही दप्तरी चढलेले आहेत. इंग्रजीतल्या ‘पॅटर्न’ला मराठीचा जो सर्वांत जवळचा प्रतिशब्द, त्याच शब्दाखाली आमच्या सरकारी दप्तरात प्रत्येक कर्त्याचे नाव लिहून ठेवलेले आहे.

म्हणून माझी पहिली विनंती वृत्तपत्रांच्या संपादकांना आहे. पुण्यात गुन्हा घडला तर ज्याने तो केला त्याचे आणि जिथे घडला त्या जागेचे नाव द्यावे. मथळ्यातून एका तालुक्याला आरोपी करू नये. दुसरी विनंती मुळशीच्या तरुणांना आहे. काचेवर ते दोन शब्द रंगवण्याआधी एक दिवस काढून तलाठ्याच्या चावडीवर जावे आणि आपल्या गट क्रमांकाचा सात-बारा घ्यावा. त्यावर खाली, कंसांत, लहान अंकांत फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांतला प्रत्येक क्रमांक नमुना सहामध्ये शोधावा, आणि बापापासून आजापर्यंत, आजापासून पणजापर्यंत मागे मागे वाचत जावे. जुनी नोंद चावडीत सापडली नाही तर ती पौडच्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागता येते, आणि ठरलेली नक्कल फी भरून लेखी अर्ज केला की उतारा हाती मिळतो.